लागोसच्या ब्राझिलियन क्वार्टरचा वॉक, जमलं तर रविवारीच करा

तीन वर्षं नायजेरियातल्या लागोसमधे राहतोय पण लागोस आयलंडवर, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागात, जाणं म्हणजे बँकेचं काम नाहीतर बलोगन मार्केटमधली खरेदी, एवढंच. गेल्या महिन्यात तिथल्याच ब्राझिलियन क्वार्टरचा गाईडेड वॉक केला आणि डोळेच उघडले.

माझी मावशी पणजीला असते, तिथल्या फोन्तेन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतली घरं लहानपणापासून बघितलीत, त्यामुळे पहिल्याच गल्लीत थबकलो, त्याच कमानीच्या खिडक्या, त्याच लाकडी झडपा, खिडकीभोवती गिलाव्यात काढलेली फुलं! ब्राझीलला गुलाम म्हणून नेलेली माणसं नि त्यांची मुलंबाळं सुटका झाल्यावर १९व्या शतकात इकडे परत आली, त्यांना इथे अगुडा म्हणतात, आणि त्यांच्यातले गवंडी सुतार तिकडचं पोर्तुगीज वळणाचं काम हातात घेऊन आले. १८९४ ची शिट्टा-बे मशीदसुद्धा अशाच एका कारागिराची, जोआओ बाप्तिस्ता दा कोस्ताची. काकावा स्ट्रीटवरच्या वॉटर हाऊसला ते नाव पडलं कारण तिथल्या विहिरीचं पाणी विकलं जायचं.

गाईड याच भागातला, साठीचा माणूस. एका घराच्या दारात बाई तांदूळ निवडत होती, तिला विचारून त्याने भिंतीचा पोपडा दाखवला, वर पिवळा, खाली निळा, त्याखाली विटकरी रंग. गुड फ्रायडेला इथे अजून फ्रेजोन करतात, म्हणजे शिजवून घोटलेलं कडधान्य आणि नारळाचं दूध, तेही त्याच्याकडूनच कळलं.

टिनुबू स्क्वेअरला मात्र पोटात कालवलं. १८५५ चा इलोजो बार, ब्राझिलियन वळणाची जुनी इमारत, १९५६ पासून राष्ट्रीय स्मारक, आणि २०१६ मधे पाडून टाकला. गाईड फक्त जुना फोटो हातात धरून उभा राहिला, दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. स्मारकाची ही गत तर ज्या घरांना कसलंच संरक्षण नाही त्यांचं काय, हे माझ्या अजून डोक्यातून जात नाही.

तक्रारी आहेत. तासभर उशिरा सुरू केलं, आम्ही १४ जण, त्यात जनरेटरचा आवाज, मागच्यांना निम्मं ऐकूच आलं नाही. ८-१० जणांचा ग्रुप ठेवा ना! फोटो काढायला लागलं की पोरं पैसे मागायला येतात, ते गाईडने छान सांभाळलं, पण कॅमेरा काढायच्या आधी त्याला विचारा. रविवारी बाजार बंद असतो, डान्फोंची (इथल्या पिवळ्या मिनीबस) गर्दी कमी, घरं नीट बघता येतात. पाण्याची बाटली आणि सुटे नायरा जवळ ठेवा.

पाचपैकी चार. पावसाळा संपला की बायकोला घेऊन परत जाणार.