मायक्रोकंट्रोलर ठरवण्याआधी त्याची कागदपत्रं उघडून बघा

फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची मेमरी) किती, पिना किती, क्लॉक (चालण्याचा वेग) किती, एवढं बघून आपण मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, ठरवतो. पण पुढचे कित्येक महिने आपला मुक्काम त्याच्या कागदपत्रांत असतो, आणि त्यांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. माझ्या मते निवडीत तिला क्लॉकइतकंच वजन द्यावं.

एसटी, म्हणजे एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, या चिप कंपनीची पद्धत वाटणीची. एसटीएम३२एफ१०३ घेतला, तर पिना, व्होल्टेज-करंटच्या मर्यादा आणि पॅकेजची मापं डेटाशीटमध्ये. रजिस्टर, म्हणजे चिपचे भाग चालू-बंद करणाऱ्या बिटांच्या जागा, आरएम०००८ या हजारावर पानांच्या रेफरन्स मॅन्युअलमध्ये. कोर्टेक्स-एम३ कोरचा (आतल्या प्रोसेसरचा) तपशील प्रोग्रामिंग मॅन्युअलमध्ये, आणि चिपमधले माहीत असलेले दोष इराटा शीटमध्ये. समजा, पीए८ पिनवर पीडब्ल्यूएम (कमी-जास्त रुंदीच्या पल्सचा सिग्नल) हवंय. तिथे टायमर १ चा पहिला चॅनल येतो, हे डेटाशीटच्या पिन-तक्त्यात सापडतं. टायमरचा क्लॉक सुरू करणारा बिट मॅन्युअलच्या आरसीसी (रीसेट आणि क्लॉक) प्रकरणात, पिनचा मोड जीपीआयओच्या (इनपुट-आउटपुट पिनांच्या) प्रकरणात, आणि बीडीटीआर रजिस्टरमधला, टायमरचं आउटपुट सुरू करणारा एमओई बिट थेट टायमरच्या प्रकरणात. हा शेवटचा राहिला, तर बाकी सगळं बरोबर असूनही पिन गप्पच राहते.

एवढी वाटणी कशासाठी? एफ१०१, १०२, १०३, १०५, १०७ या सगळ्यांना तेच एक मॅन्युअल चालतं म्हणून. सुरुवातीला दमछाक होते, पण त्याच मालिकेतल्या मोठ्या चिपवर गेलात की डेटाशीट तेवढी बदलते, शिकलेलं वाया जात नाही. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) एमएसपी४३० ची रीतही हीच. तिथे मॅन्युअलला फॅमिली युजर्स गाइड म्हणतात.

एटीमेगा३२८पी याच्या अगदी उलट. मूळचा अ‍ॅटमेलचा, २०१६ पासून मायक्रोचिपकडे. पिनांपासून रजिस्टरपर्यंत सगळं एकाच डेटाशीटमध्ये. युसार्टचं, म्हणजे सिरीयल पोर्टचं, प्रकरण उघडा: सुरुवातीचा कोड असेंब्लीत आणि सीमध्ये, दोन्हींत दिलेला. पुढे बॉड रेटचे (सेकंदाला किती बिट जातात त्याचे) तक्ते. १६ मेगाहर्ट्झवर ११५२०० हवा असेल, तर यू२एक्स हा वेग दुप्पट करणारा बिट ० असताना चूक उणे ३.५ टक्के, १ केल्यावर २.१ टक्के. क्लॉक देणारा क्रिस्टल बदलायचा की बॉड रेट, याचा निर्णय त्या एका ओळीवर होतो. असं लिहिणाऱ्याने स्वतः बोर्ड चालवून पाहिलेला असतो, हे वाचताना जाणवतं.

रास्पबेरी पायचा आरपी२०४० हा २०२१ चा. त्याचीही एकच डेटाशीट, सहाशेवर पानांची. एसडीकेचा (कंपनीच्या तयार लायब्ररीचा) कोड मजकुरातच विणलेला, पीआयओचे (प्रोग्रॅम करता येणाऱ्या इनपुट-आउटपुटचे) पूर्ण प्रोग्रॅम दिलेले, इराटाही शेवटी परिशिष्टात. एकाच चिपचं पुस्तक असल्यामुळे हे जमतं.

एस्प्रेसिफचा ईएसपी३२ घेतलात, तर डेटाशीट आणि टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल असलं तरी रोजचा वावर ईएसपी-आयडीएफ या कंपनीच्याच सॉफ्टवेअर फ्रेमवर्कच्या ऑनलाइन गाइडमध्येच. तिथे चिप आणि आवृत्ती आपलीच निवडली आहे ना, हे आधी तपासा. वायफायच्या रजिस्टरांचं वर्णन मिळत नाही. तिथे फ्रेमवर्कवरच भिस्त ठेवावी लागते.

एकट्याने शिकायचं असेल तर मी एटीमेगा किंवा आरपी२०४० सुचवेन. एकाच कोडवर लहान-मोठी उत्पादनं काढायची असतील तर एसटी, वाटणीचा त्रास सोसूनही. वायफाय हवं आणि फ्रेमवर्क चालणार असेल तर एस्प्रेसिफ.

काहीही ठरवा, ऑर्डर देण्याआधी इराटा उघडून आपल्याला लागणारं पेरिफेरल (टायमर, सिरीयल पोर्ट असा चिपमधला भाग) त्यात शोधा. एसटीच्या एफ१ मालिकेवर आय२सी (चिपांना दोन तारांनी जोडणारा मार्ग) वापरणार असाल तर हे आधी कराच. आणि तो दोष चिपच्या कोणत्या रिव्हिजनला लागू आहे, तेही त्याच इराटामध्ये बघून घ्या.