काँक्रीट टाकीची गळती: पीयू इंजेक्शनचं काम कसं झालं

मोठ्या काँक्रीट टाक्यांची देखभाल हेच माझं काम. पिण्याच्या पाण्याच्या एका टाकीची भिंत पाझरत होती, म्हणून ठेकेदाराच्या माणसांकडून पीयू इंजेक्शन करून घेतलं, म्हणजे भेगेत पॉलियुरेथेन रेझिन पंपाने दाबून भरून घेतलं. गळतीच्या कामाला पाचपैकी पाच गुण. पॅचच्या, म्हणजे उडालेल्या काँक्रीटच्या डागडुजीच्या कामाला तीनच.

आल्या आल्या पंप लावला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आधी भिंत हातोडीने ठोकत फिरले; बद्द आवाज आला की खडूने गोल. ओल दिसते तिथेच दोष असतो असं नाही. पाणी ओतकामाच्या सांध्यातून शिरतं आणि हनीकोंबमधून (काँक्रीट नीट न बसल्याने आत राहिलेल्या पोकळ्यांमधून) वाट काढत भलतीकडे फुटतं. भेग हलती आहे का, हेही तपासलं. टाकी भरताना-रिकामी होताना उघडझाप करणाऱ्या भेगेत कडक एपॉक्सी भरलं, तर ते टिकतं आणि शेजारचं काँक्रीट तडकतं. आमची भेग ओलीही होती आणि हलतीही, त्यामुळे पीयूच योग्य.

भोकं भेगेच्या दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून, ४५ अंशांत तिरकी, भिंतीच्या जाडीच्या मध्यावर भेगेला गाठतील अशी. भोकांत पॅकर, म्हणजे रेझिन आत सोडायची तोंडं, आवळून खालून वर पंप करत गेले. भेगेतून आधी गढूळ पाणी आलं, मग फेस, मग दाट रेझिन. वरच्या पॅकरमधून रेझिन डोकावलं की नळी तिकडे. पाणी लागलं की हे रेझिन फुगतं. धार डोळ्यांदेखत बंद झाली.

मात्र पीयूने पाणी थांबतं, भिंतीची ताकद परत येत नाही. आमच्याकडे काही ठिकाणी सळई गंजली होती. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट उडवतो. तिथे सळईच्या मागपर्यंत खोदून, गंज साफ करून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरायचं असतं. नेमकं इथे घाई झाली. कडा मशीनने सरळ कापायच्या सोडून मॉर्टर काठाला पातळ ओढलं, वर पाणीही नीट मारलं नाही. काठ सुटले. सांगितल्यावर वाद न घालता सगळं काढून नव्याने केलं, हे मान्य करायला हवं.

रेझिन आणि मॉर्टर पिण्याच्या पाण्याला चालतं याचं प्रमाणपत्र मी कामाआधीच मागून घेतलं. तुम्हीही घ्या. शेवटचं बिल टाकी भरून घेतलेल्या चाचणीनंतरच, हेही करारात लिहून घ्या. चाचणीत काँक्रीटला आधी पाणी पिऊ द्यायचं, मगच पातळी मोजायची. आमची टाकी उघडी, म्हणून पाणी भरलेलं एक पसरट भांडं आत तरंगत ठेवलं होतं. त्यातली घट बाष्पीभवनाची, ती वजा केली. उरलेली घट नगण्य निघाली.

आउटलेटचा पाइप भिंतीतून जातो तिथे अजून थोडी ओल आहे. टाकी रिकामी होईल तेव्हा तेवढं करून देणार आहेत आणि ते काम मी याच लोकांना देतोय.