फोन पालथा ठेवून ऐकलेला रेडिओ

दिवसभर मुद्रितं तपासून संध्याकाळी माझे डोळे चुरचुरायला लागतात. त्या वेळी आणखी एक पडदा नको होतो. म्हणून गेली दोन वर्षं रेडिओचं अ‍ॅप लावते, फोन टेबलावर पालथा ठेवते आणि नुसती ऐकत बसते.

सुरुवात चुकली होती. स्टोअरमध्ये ‘रेडिओ’ शोधून जे पहिलं दिसलं ते उतरवून घेतलं. जगभरची केंद्रं एकत्र केलेलं कुणा तिऱ्हाइताचं अ‍ॅप होतं ते. केंद्र लावलं की आधी जाहिरात. एकदा सतारीवर आलाप चालू असताना मधेच कुठल्याशा खेळाची जाहिरात किंचाळली, आणि मी ते त्याच क्षणी काढून टाकलं. आता अ‍ॅपच्या नावाखाली ते कुणी काढलंय हे आधी वाचते. प्रसार भारती, रेडिओ फ्रान्स, अमेरिकेची एनपीआर अशी प्रसारण संस्था स्वतः असेल तरच घेते.

सगळ्यात जास्त वाजतं ते प्रसार भारतीचं ‘न्यूजऑनएअर’. आकाशवाणीच्या दोनशेहून जास्त वाहिन्या त्यावर आहेत. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली. ती आम्ही ऐकली ती खरखरीसकट. मध्यम लहरींवर रात्र पडली की लांबची केंद्रंही येऊन आदळायची, बातम्यांत कुणाचं तरी गाणं मिसळायचं. फोनवर ती खरखर नाही, आणि ती गेल्यावर खालचं किती काय ऐकू येतं! परवा निवेदिकेने कागद उलटला तो आवाज आला. गायकाचं नाव घेण्याआधी ती क्षणभर थांबली, तेही कळलं. समोर कुणीतरी बसून माझ्यासाठी वाचतंय असं वाटलं. मला रेडिओकडून हेच हवं असतं.

रेडिओ फ्रान्सच्या अ‍ॅपवर ‘फिप’ नावाची वाहिनी आहे, १९७१पासूनची. मला फ्रेंच अजिबात येत नाही, तरी तासन्‌तास लावून ठेवते. जॅझनंतर आफ्रिकेतलं गाणं, त्यानंतर एखादा जुना वाद्यवृंद, आणि तरी सांधा खटकत नाही. आवडलं की फोन सुलटा करायचा, गाण्याचं आणि कलाकाराचं नाव दिसतं. गाण्यांची इतर अ‍ॅप माझी आवड ओळखून तेच ते परत वाढतात. इथे जाणत्या माणसांनी निवडलेलं असतं, आणि मला आवडेल याची कल्पना मलाही नव्हती असं काहीतरी कानावर पडतं.

एनपीआरचं अ‍ॅप चर्चा आणि मुलाखतींसाठी उत्तम. संगीतासाठी मी तिकडे जात नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: या आवाजावर घड्याळ लावू नका. बीबीसीवर वेळ सांगणारे सहा ‘बीप’ १९२४पासून वाजतात, पण इंटरनेटवरून ते नेहमी उशिराच पोचतात. आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि वाजवायच्या आधी अ‍ॅप त्यातले थोडे साठवून ठेवतं. मी ट्रान्झिस्टर आणि फोन शेजारी ठेवून बघितलं. ट्रान्झिस्टरवर बातम्यांचं पहिलं वाक्य संपलं तरी फोनवर अजून आधीचीच धून चालू होती.

डेटाची काळजी फार करू नका. ६४ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटचा, प्रवाह तासाला २९ एमबीच्या आसपास खातो. एवढा डेटा व्हिडिओ काही मिनिटांत संपवतो. पडदा बंद झाल्यावर आवाज थांबत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत बंद करा. मला हे कळायला दोन महिने लागले. तोवर दर दहा मिनिटांनी उठून फोन जागा करत होते.

आणि ट्रान्झिस्टर टाकून देऊ नका, अगदी कळकळीने सांगते. वादळात टॉवर बंद पडला की अ‍ॅप मुकं होतं. दोन सेलवरचा डबा मात्र बोलत राहतो. माझा कपाटात वरच्याच कप्प्यात आहे, अंधारात हात घातला की सापडेल असा.