आपो बेट: स्नॉर्केलिंग की स्कूबा?

फिलिपिन्समधल्या आपो बेटावर नुसता मास्क लावून तरंगायचं की पाठीला हवेची टाकी बांधून खोल उतरायचं, असं एका मैत्रिणीने विचारलंय. इथल्या कोळ्यांनी सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या साथीने १९८२ मध्ये प्रवाळाचा एक पट्टा मासेमारीला बंद केला. या राखलेल्या समुद्राचं शुल्क स्नॉर्केलिंग आणि स्कूबा दोन्हींसाठी भरावं लागतं, आणि ते मनापासून भरावं.

स्नॉर्केलिंग सरळसरळ स्वस्त. मेहनतही कमी, फक्त प्रवाहाचं भान हवं. कासवांसाठी तर खोल जायची गरजच नाही: गावाच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात हिरवी समुद्री कासवं निवांत चरत असतात, मध्येच वर येऊन नाक बाहेर काढतात, श्वास घेतात, पुन्हा खाली. अंतर राखा, हात अजिबात लावू नका.

स्कूबाला प्रशिक्षण, प्रमाणपत्र, जास्त पैसे. पण उतारावरचं प्रवाळ आणि ट्रेव्हली माशांचे थवे नीट दिसतात ते खालीच. मला काळजी एकाच गोष्टीची: पाण्यात शरीरावर ताबा नसेल तर पायातल्या फिनच्या (पोहण्याच्या पंखांच्या) एका फटक्यात वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ मोडतं. २०११ आणि २०१२ च्या वादळांनी ते आधीच झोडपलंय.

पहिलीच वेळ असेल, मुलं सोबत असतील, तर स्नॉर्केलिंगच करा. हात बसलेल्या डायव्हरने टाकी घ्यावी.