कुशादासीच्या बंदरावरील दोन घड्याळे

बार्सिलोनाहून निघालेली आमची एकवीस दिवसांची क्रूझ इटली आणि ग्रीसची बंदरे करत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कस्तानातील कुशादासीला लागली. प्राचीन एफिसस शहराचे अवशेष येथून सुमारे २० किलोमीटरवर आहेत. जहाजाच्या सहलीचा दर आम्हा दोघांना फार वाटला, म्हणून आम्ही टॅक्सीने स्वतःच जायचे ठरवले आणि त्यात गैर काहीच नव्हते. फाटकाबाहेरच्या चालकाने ८० युरो सांगितले. ते दोघांचे मिळून आणि परतीसह आहेत, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायला हवे होते. आम्ही त्याने डोलावलेल्या मानेवर विसंबलो.

‘तिकिटे वाटेतच मिळतील’ असे सांगून त्याने गाडी थांबवली ती गालिच्यांच्या दुकानासमोर. तिथे रेशमी कोश गरम पाण्यात सोडून धागा कसा सुटतो ते दाखवण्यात आले, सफरचंदाचा चहा आला आणि मग एकामागून एक गालिचे पायाशी उलगडू लागले. (ते पाहण्यासारखे होते हे मान्य करतो, एका बाजूने गडद दिसणारा गालिचा फिरवून टाकला की फिकट दिसे.) काहीही न घेता आम्ही उठलो, पण तोवर सव्वा तास गेला होता, आणि तिकिटे शेवटी एफिससच्या खिडकीवर रांग लावूनच काढावी लागली.

त्यामुळे सेल्सस ग्रंथालयाचा तो दुमजली दर्शनी भाग, जो १९७० च्या दशकात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभारला गेला, तेवढाच काय तो निवांत पाहता आला. उतारावरची श्रीमंतांची घरे राहिली आणि भव्य नाट्यगृहासमोरून अक्षरशः पळावे लागले. बाहेर एकाने रुमालातून मातकट नाणे काढून ‘शेतात सापडले’ असे सांगितले. नाणे खोटे असेल तर पैसे बुडाले, आणि खरे असेल तर ते देशाबाहेर नेणे हा गुन्हा, हे ठाऊक असल्याने मी त्याला हातही लावला नाही आणि स्वतःच्या सावधपणावर खूश होऊन टॅक्सीत बसलो.

अर्ध्या वाटेत चालकाने गाडी कडेला घेतली. घड्याळात ४.२० झाले होते आणि जहाजावर परतण्याची शेवटची वेळ ४.३० होती. ‘८० युरो जाण्याचे होते, परतीचे आणखी ८०,’ तो शांतपणे म्हणाला. जहाज स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर थांबते, परस्पर गेलेल्यांसाठी थांबत नाही आणि मागे राहिलेल्यांना पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते, हे आम्ही जाणून होतो, आणि तोही. मी मोबाइल पाहिला, पत्नीने तिचा पाहिला. दोन्हींत तीच वेळ. मी निमूटपणे १६० युरो मोजले. त्यानंतर हा गृहस्थ वाटेत सिगारेट घ्यायला उतरला, तेव्हाच खरे तर माझ्या लक्षात यायला हवे होते.

जहाजाच्या शिडीपाशी धापा टाकत पोहोचलो तेव्हा तिथल्या घड्याळात ३.४० झाले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ग्रीसमधील घड्याळे तासभर मागे जातात, तुर्कस्तानने मात्र २०१६ पासून ही पद्धत सोडली आहे. जहाज ग्रीक वेळेवरच चालू होते आणि आमच्या मोबाइलनी बंदरात शिरताच तुर्की वेळ आपोआप घेतली होती. केबिनमध्ये आदल्या रात्री ठेवलेले पत्रक तसेच उशाशी पडले होते. त्याच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत छापले होते की, उद्या जहाजाची वेळ बदलणार नाही.