क्लाउड क्लस्टरवर ज्युपिटरहब : एका सत्राच्या वापरानंतर

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील 60 विद्यार्थ्यांच्या पायथन प्रात्यक्षिकांसाठी गेल्या सत्रात मी ज्युपिटरहब हा ब्राउझरमधून पायथन चालवू देणारा मुक्तस्रोत मंच क्लाउडवरील कुबरनेटिस क्लस्टरवर (अनेक सर्व्हर एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थेवर) बसवला. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पायथनची वेगळी आवृत्ती असल्याने तासाची पहिली वीस मिनिटे वाया जात. आता ब्राउझरमध्ये लॉगिन केले की सर्वांपुढे तेच नोटबुक (कोड लिहून तिथेच चालवण्याचे पान) आणि त्याच लायब्ररी असतात. एवढ्या एका कारणासाठीही मी हा मंच पुन्हा निवडेन.

बसवण्याचे काम खरोखर सोपे आहे. हेल्म या कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला चार्टच्या (मंचाच्या तयार मांडणीच्या संचाच्या) भांडाराचा पत्ता द्यायचा, सेटिंगची एक यॅमल फाइल ठेवायची आणि एक कमांड चालवायची; पूर्वी जी गुप्त किल्ली हाताने तयार करावी लागे, तीही आता चार्ट स्वतःच तयार करतो. काही मिनिटांत हब (लॉगिन सांभाळणारा भाग) आणि प्रॉक्सी (प्रत्येकाला योग्य जागी पोहोचवणारा भाग) यांचे पॉड, म्हणजे क्लस्टरवर चालणारे सॉफ्टवेअरचे छोटे स्वतंत्र घटक, 'रनिंग' दिसू लागतात आणि त्यानंतर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासाठी स्वतंत्र पॉड उभा राहतो. 'झिरो टू ज्युपिटरहब' ही प्रकल्पाची मार्गदर्शिका इतकी नेटकी आहे की कुबरनेटिसची जुजबी ओळख असलेल्या शिक्षकालाही ती हाताशी धरून पुढे जाता येईल.

खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण चार्टमधील मूळ आकडे आपल्या वर्गासाठी ठरवलेले नसतात. प्रत्येक वापरकर्त्यामागे 1 जीबी मेमरीची हमी आणि 10 जीबीची डिस्क असा मूळ हिशेब आहे, म्हणजे 60 जणांसाठी 60 जीबी मेमरी राखून ठेवावी लागते आणि 600 जीबी डिस्कचे भाडे चालू होते. पहिल्या वर्षाच्या पातळीवरील प्रोग्रामना इतके लागत नाही. मी हमी अर्ध्यावर आणि डिस्क 2 जीबीवर आणली, आणि कोणाचेही काम अडले नाही. लॉगिनची मूळ व्यवस्थाही केवळ चाचणीपुरती आहे, त्यात पासवर्ड ठरवला नाही तर कोणताही चालतो; म्हणून पत्ता विद्यार्थ्यांना देण्यापूर्वीच संस्थेच्या ईमेल खात्याने लॉगिन जोडावे. तासभर वापर नसलेले पॉड आपोआप बंद होतात आणि फाइली डिस्कवर सुरक्षित राहतात, ही सोय मात्र मूळचीच उत्तम आहे.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी दहा वाजता सगळा वर्ग एकदम लॉगिन झाला आणि पाच-सहा विद्यार्थ्यांचे पॉड 'पेंडिंग'वर अडकले. पॉडचे वर्णन मागवले तेव्हा त्यात व्हॉल्यूम (डिस्क) आणि नोड (क्लस्टरमधील सर्व्हर) जुळत नसल्याची नोंद होती : त्यांच्या डिस्क क्लाउडच्या एका झोनमध्ये (डेटा सेंटरच्या स्वतंत्र विभागात) तयार झाल्या होत्या आणि गर्दीमुळे वाढवलेला नवा नोड दुसऱ्या झोनमध्ये उभा राहिला होता, त्यामुळे त्या डिस्क त्याला जोडल्या जात नव्हत्या. दोष मंचाचा नव्हता, क्लस्टर तीन झोनमध्ये पसरवून ठेवण्याचा निर्णय माझाच होता. नोड एकाच झोनमध्ये ठेवले, गर्दीपूर्वीच नवे नोड तयार राहावेत म्हणून जागा धरून ठेवणारे पॉड सुरू केले, आणि पुढच्या सोमवारी पंधरा मिनिटांत सगळे कामाला लागले.

एकाच तुकडीसाठी, शंभराच्या आतील विद्यार्थ्यांसाठी, क्लस्टरच हवा असे नाही. याच प्रकल्पाचा 'लिटलेस्ट ज्युपिटरहब' एका सर्व्हरवर बसतो आणि त्याची देखभालही हलकी आहे. आम्ही क्लस्टर घेतला तो पुढील वर्षी अन्य विभागही येणार म्हणून. सत्र संपल्यावर आणखी एक काळजी घ्यावी : हेल्मने मंच काढून टाकला तरी विद्यार्थ्यांच्या डिस्क मागे राहतात, म्हणून नोटबुके उतरवून घेऊन मंचाची संपूर्ण नेमस्पेस (क्लस्टरमधील त्याचा स्वतंत्र कप्पा) पुसावी आणि क्लाउडच्या यादीत एकही डिस्क उरलेली नाही हे स्वतः पाहूनच काम संपले असे समजावे.