लँड क्रूझर ८० : न वाजणारी बेअरिंगं बदलली, त्यानंतरचे काही महिने

गाडी १९९१ ची टोयोटा लँड क्रूझर, ८० सीरिज. इंजिन १एचडी-टी, म्हणजे ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो डिझेल. रनिंग साडेतीन लाखांच्या पुढे. आधीच्या मालकाच्या फायलीत टायमिंग बेल्टच्या पावत्या होत्या, बिग एन्ड बेअरिंगचा (पिस्टनचा रॉड क्रँकशाफ्टला जिथे जोडलेला असतो तिथलं बेअरिंग) मात्र एकही कागद नव्हता. सुरुवातीच्या वर्षांतल्या १एचडी-टीची बिग एन्ड बेअरिंगं लवकर झिजतात, हे इथे ऑस्ट्रेलियात ८० सीरिजवाल्यांत जगजाहीर आहे. म्हणून काही वाजत नसतानाच बदलून घेतली.

त्यानंतर गाडी भरपूर हाणली. पर्थहून एक्समाउथपर्यंत कॅम्पर ट्रेलर ओढत नेली, तेही उन्हाळ्यात. फरक काय पडला? काहीच नाही. आवाज तोच, ओढ तीच, डिझेलही तेवढंच पिते. ऑइल प्रेशरचा काटा पूर्वी जिथे उभा राहायचा तिथेच राहतो. "बेअरिंग बदलल्यावर इंजिन कसं मऊ झालं" असं कोणी सांगू लागलं, तर ऐकून सोडून द्या.

पैसे कशाचे दिले ते जुनी बेअरिंगं हातात घेतल्यावर कळलं. प्रत्येक बेअरिंग दोन अर्धगोल पट्ट्यांचं, म्हणजे शेलचं, असतं. खालचे, कॅपकडचे (कॅप म्हणजे रॉडच्या तळाला बोल्टने आवळलेला अर्धा भाग) शेल एकसारखे राखाडी, अजून कितीतरी चालले असते. वरच्या, रॉडकडच्या शेलवर मात्र मधोमध तो राखाडी थर उडून तांबं उघडं पडलेलं. पॉवर स्ट्रोकचा, म्हणजे डिझेल पेटून पिस्टन खाली ढकलला जातो तेव्हाचा, दणका वरचाच शेल खातो, त्यामुळे झीज तिथेच. खालचा एखादा उघडून "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विसंबू नका. हे तांबं दिसत असताना इंजिन गुपचूप चालत होतं. ठकठक ऐकू येईपर्यंत थांबलं तर बहुधा क्रँक ग्राइंड करायची (क्रँकशाफ्ट घासून पुन्हा गुळगुळीत करायची) वेळ आलेली असते, आणि शेल जागेवरून फिरला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर.

इंजिन उतरवावं लागत नाही. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोलायचं, क्रँक फिरवून पिस्टन जोडीजोडीने खाली आणायचे (१ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४) आणि एकेक कॅप काढायची. कॅपची अदलाबदल किंवा उलटापालट अजिबात चालत नाही. रॉडच्या कॅपवर आकाराचा अंक असतो, कंपनीचं स्टँडर्ड बेअरिंग त्या अंकाप्रमाणेच घ्यायचं. म्हणून आधी उघडून अंक बघणारं गॅरेज मी निवडलं. प्लास्टिगेजची (दाबली की पसरते आणि त्यावरून फट मोजता येते अशी मऊ प्लास्टिकची) पट्टी दाबून प्रत्येक जागेचा क्लिअरन्स, म्हणजे फट, माझ्यासमोर मोजला, बोल्ट नवे घातले, आधी टॉर्क आणि मग ठरलेल्या अंशात फिरवून आवळले. चालू करण्याआधी फ्युएल सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर काढून प्रेशर येईपर्यंत नुसता स्टार्टर मारला. सेटच्या किमतीपेक्षा मजुरी कितीतरी जास्त झाली, पण ती या बारकाव्यांची होती.

एक कटकट निघाली. थोड्याच दिवसांत चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरायला लागलं. सीलंट लावण्यापूर्वी जागा नीट पुसली नसणार. गॅरेजने पैसे न घेता पुन्हा केलं, पण नवं ऑइल वाया गेलं आणि शनिवारही.

ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदलतो आणि दर वेळी नमुना लॅबला पाठवतो. बेअरिंगसाठी शिसं, तांबं आणि कथिल या त्यातून झिजून ऑइलमध्ये येणाऱ्या धातूंचे तीन आकडे पाहायचे. कामाआधी शिसं रिपोर्टागणिक चढत होतं. कामानंतरच्या पहिल्या रिपोर्टवरून काही ठरवू नका, उरलेलं जुनं ऑइल आणि नव्या बेअरिंगची सुरुवातीची झीज त्यात असते. दुसऱ्यात शिसं उतरलं आणि पुढेही खालीच राहिलंय. सगळ्या खर्चाची दिसणारी पावती म्हणाल तर एवढीच.

कोल्हापूरहून भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, चालत्या गाडीला कशाला हात लावतोस?" त्याच्याकडची गाडी असती तर मीही हेच म्हटलं असतं. प्रश्न या इंजिनाचा आहे. १९९५ नंतरच्या २४ व्हॉल्व्हच्या १एचडी-एफटीला मी एवढी घाई केली नसती, आधी दोन-तीन ऑइल रिपोर्ट काढले असते. सुरुवातीचं १एचडी-टी असेल आणि बेअरिंगचा कागद नसेल, तर मोठे टायर, विंच, रूफ रॅक राहू द्या, आधी चेंबर खोला. माझी पुढची तपासणी दीड लाख किलोमीटरनंतर, शिसं त्याआधी चढलं नाही तर.